मदत हवी आहे : सोमवारी रात्री फ्लाईट, टेस्ट आज करू की उद्या?

नटबोल्ट (२०२१, शनिवार, दुपारी ३:५०)
ऑफिसचा आत्ता फोन आला, सोमवारी रात्री निघायचंय. मशीन बसवून चालू करून द्यायचं काम, दहा दिवस. कोरोनाचा ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट निगेटिव्ह लागतो म्हणे. आज करू की उद्या? लॅबवाले पाचनंतर फोन उचलत नाहीत, तेव्हा जरा लवकर सांगा. गूगल करून झालंय, दहा ठिकाणी दहा गोष्टी लिहिल्यात.

निवांत
आजच उरका. रिपोर्टला उशीर झाला तर हाताशी एक दिवस राहतो. मी मार्चमध्ये असंच केलं होतं, कोणी काही विचारलं नाही.

सुमेधा_क
कुठे चाललात ते लिहिलंच नाही. ७२ तास कुठे नमुना दिल्यापासून मोजतात, कुठे रिपोर्टवरच्या वेळेपासून. आणि कुठपर्यंत? विमान सुटेपर्यंत की उतरेपर्यंत? हेही प्रत्येक देशाचं वेगळं. विमान थेट आहे की मधे बदलायचंय?

नटबोल्ट
देश लिहीत नाही, आमच्या धंद्यात लगेच ओळखतात. मधे एकदा बदलायचंय. पण ७२ म्हणजे ७२च ना?

उंटावरचा
मुळात जायलाच कशाला हवं? २०२१ साल आहे. तिथल्या माणसाला कॅमेरा लावायला सांगा आणि इथून सूचना द्या. कंपन्यांना अजून माणसं पळवायची हौस.

नटबोल्ट
कपलिंगचं अलाइनमेंट कॅमेऱ्यावर होत नाही हो. टेस्टचं बोला.

खिडकीवाला
टेस्टचं होईल, आधी सीट बघा. खिडकीची घ्या आणि उठू नका. जाण्यायेण्याच्या वाटेवर बसलं की जो तो अंगावरून जातो. मास्क एन९५, पण झडपवाला नको. त्यातून आपला श्वास गाळल्याशिवाय बाहेर पडतो म्हणून बऱ्याच विमान कंपन्या तो चालवून घेत नाहीत.

लंबक
विमानातल्या हवेला उगाच घाबरतात लोक. तिथला हवा गाळणारा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. केबिनमधली सगळी हवा दोन-तीन मिनिटांत बदलते आणि ती वरून खाली वाहते, पुढून मागे नाही.

खिडकीवाला
फिल्टरपर्यंत पोचायच्या आधी शेजाऱ्याची शिंक तुमच्यापर्यंत पोचते त्याचं काय? मार्च २०२० मध्ये लंडनहून हनोईला गेलेल्या विमानात बिझनेस क्लासमधली एक आजारी प्रवासी होती. तिच्याशिवाय १५ जणांना लागण निघाली, त्यातले १२ त्याच केबिनमधले. फिल्टर काय झोपला होता?

लंबक
तेव्हा मास्कची सक्ती नव्हती. दहा तासांचा प्रवास होता. जरा संदर्भासकट बोला.

नटबोल्ट
अहो तुम्ही दोघं नवा धागा काढा ना. सव्वाचार वाजले.

सुमेधा_क
तुम्हीच वेळ घालवताय. तिकिटावरच्या वेळा लिहा, देश नका सांगू.

नटबोल्ट
पहिलं विमान ०२:४०. चार तासांचं. मग नऊ तास बसून राहायचं. दुसरं सात तासांचं.

सुमेधा_क
०२:४० म्हणजे सोमवारी रात्री नव्हे, मंगळवारी पहाटे! तिकिटावरची तारीख एकदा डोळ्यांनी बघा. याच घोळात माझा सहकारी एक दिवस उशिरा विमानतळावर पोचला होता.

आता मोजू. सगळं आपल्या घड्याळाने. मंगळवार ०२:४० ला सुटणार, दुसरं विमान १५:४० ला, उतरणार २२:४० ला. आज संध्याकाळी ५ ला नमुना दिलात तर पहिलं विमान सुटताना ५७ तास ४० मिनिटं, दुसरं सुटताना ७० तास ४० मिनिटं. इथपर्यंत ठीक. उतरताना ७७ तास ४० मिनिटं. तो देश उतरण्याच्या वेळेपर्यंत मोजत असेल तर रिपोर्ट शिळा. उद्या सकाळी ९ ला दिलात तर उतरताना ६१ तास ४० मिनिटं, म्हणजे कसंही मोजलं तरी बसतं, विमानाला उशीर झाला तरी दहा तास हातात. फक्त रविवारी लॅब उघडी आहे का आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत रिपोर्ट देतात का, ते विचारा.

निवांत
मला तर कोणी इतके हिशेब विचारले नव्हते.

जमिनीवरचा
मी विमानतळावर काउंटरला असतो. विचारतात. आमच्यासमोर टायमॅटिक उघडलेलं असतं, आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचा डेटाबेस. कुठल्या देशात कुठल्या प्रवाशाला काय कागद लागतो ते त्यात असतं. त्यात बसत नसेल तर आम्ही बोर्डिंग पास देत नाही, कारण तिकडून परत पाठवलेल्या माणसाला आणायचा खर्च कंपनीच्या गळ्यात पडतो. तुमचे काका, मामा, मार्चमधला अनुभव, काही चालत नाही. आणि नऊ तास जिथे बसणार त्या देशाचा नियम वेगळा बघा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत की वेगळी काढलीत? वेगळी असतील तर सामान घ्यायला बाहेर यावं लागू शकतं, आणि बाहेर आलात की तुम्ही त्या देशात शिरलात.

नटबोल्ट
एकच तिकीट. लॅबला फोन लागला, उद्या ८:३० ची वेळ दिली. सुमेधाताई, धन्यवाद. म्हणजे प्रश्न संपला. नाहीतरी मला कोरोना होऊन गेलाय, पाच आठवडे झाले, त्यामुळे निगेटिव्हच येणार.

स्टेथो
थांबा. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं!

सुमेधा_क
कपाळावर हात.

स्टेथो
बरं झाल्यावरही आरटीपीसीआर काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, कधी तीन महिन्यांपर्यंत. विषाणू मेलेला असतो, पण त्याच्या आरएनएचे, म्हणजे जनुकीय द्रव्याचे, तुकडे नाकात राहतात आणि मशीनला ते सापडतात. तुम्ही कोणाला लागण करत नसाल, पण कागदावर पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह. पहिल्या टेस्टचा रिपोर्ट जपून ठेवलाय का? बरे झाल्याचा दाखला? तो देश असा दाखला घेतो का ते आजच बघा. युरोपीय संघात जुलैपासून पहिल्या पॉझिटिव्ह टेस्टनंतर ११ ते १८० दिवस तो चालतो. दुसरीकडे चालेलच असं नाही.

उंटावरचा
मी म्हणत होतो ना, जाऊच नका.

निवांत
दोन दिवस वाफ घ्या. नाक साफ झालं की टेस्टही साफ.

स्टेथो
वाफेने आरएनए जात नाही, तोंड भाजतं. भाजलेली माणसं बघितलीत मी. कृपया असले सल्ले देऊ नका.

निवांत
आमच्या घरात सगळे घेतात, कोणाचं तोंड भाजलं नाही.

लंबक
माझ्या मते आज एक रंगीत तालीम करून टाकावी. पॉझिटिव्ह आली तर ऑफिसला दुसरा माणूस शोधायला दोन दिवस मिळतात.

जमिनीवरचा
तालीमबिलीम काही नसतं. लॅबला पॉझिटिव्ह सरकारला कळवावी लागते, मग तुमचं नाव नव्याने यादीत. आधी डॉक्टरांना फोन करा.

नटबोल्ट
साहेबांना आत्ता सांगितलं. ते म्हणाले, आधी का नाही बोललास. आधी कोणी विचारलं कुठे! जुना रिपोर्ट फोनमध्ये आहे. डॉक्टर उद्या दाखला लिहून देतो म्हणाले. टेस्ट उद्याच करतोय, ठरलं.

सुमेधा_क
रिपोर्टवर नाव पासपोर्टवरच्यासारखंच हवं, स्पेलिंगसकट. पासपोर्ट नंबर आणि नमुना घेतल्याची वेळ छापायला सांगा, नुसती तारीख नको. आणि कागदावर प्रिंट काढून न्या. फोनची बॅटरी ऐनवेळी मरते.

पाहुणी
विषयांतराबद्दल क्षमस्व. माझ्या पासपोर्टची चार महिन्यांची मुदत राहिलीये, चालेल का?

जमिनीवरचा
ताई, देश?

पाहुणी
अजून ठरलं नाही.

नटबोल्ट (मंगळवार, सकाळी ९:२०)
मधल्या विमानतळावरून लिहितोय. रिपोर्ट सोमवारी दुपारी आला, निगेटिव्ह. काउंटरवरच्या मॅडम कागदावरून बोट फिरवत नमुन्याची वेळ शोधत होत्या. पहिल्या पानावर फक्त तारीख. वेळ दुसऱ्या पानावर होती आणि मी एकच पान छापलं होतं! मागे रांग, फोनवर नेट येईना. चार मिनिटं लागली ती फाइल उघडायला, घामाने मास्क ओला. डॉक्टरांच्या दाखल्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. खिडकीची सीट मिळाली होती, पण शेजारच्या गृहस्थांनी मास्क हनुवटीला लावून घोरायला सुरुवात केली. एअर होस्टेसने दोनदा उठवलं. आता इथे एकाआड एक खुर्चीवर पट्टी चिकटवलीये, आणि पट्टीवरच लोक बसलेत.

खिडकीवाला
डोक्यावरचा हवेचा झोत चालू ठेवला होता का?

लंबक
आता फिल्टरवर विश्वास बसला का तुमचा?

सुमेधा_क
दुसरं पान छापून घ्या. तिथे एखाद्या काउंटरवर विचारा, देतील काढून. उतरल्यावर पुन्हा तेच बोट फिरणार आहे.

नटबोल्ट
तेच शोधत फिरतोय.