कॅम्परला एटी टायर: आधी नक्षी बघायची की वजन?

घाटवाटा:
परवा इथेच एकाने ठासून लिहिलं होतं, "फोर बाय फोर कॅम्परला एटी टायर नसतील तर तो कॅम्पर नाही, टेम्पो आहे. सगळ्यात जाड नक्षीचा घ्या, एक साइज मोठा घ्या आणि बिनधास्त कुठेही घाला." एटी म्हणजे ऑल टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठीचा टायर. सोबत बीचवर वाळूत उभ्या केलेल्या गुरखा गाडीचा फोटो आणि खाली नुसती वाहवा. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय, कारण असलं वाचून नवीन माणूस पाच टायरचे लाखभर रुपये मोजतो आणि मग वर्षभर केबिनमध्ये गुंईंईं आवाज ऐकत बसतो.

माझा मुद्दा सरळ आहे. कॅम्परचा टायर वजनावर ठरतो, नक्षीवर नंतर. साधी एसयूव्ही ट्रिपला भरते आणि घरी आल्यावर रिकामी होते, कॅम्पर बारा महिने भरलेलाच असतो. पलंग, प्लायची कपाटं, फ्रिज, ऐंशी लिटर पाणी म्हणजे ऐंशी किलो, लेड अ‍ॅसिड बॅटरी टाकली असेल तर तिचे अजून पन्नासेक, वर ऑनिंग (बाजूला उघडायचं छत), सोलर, आणि यातलं बहुतेक सगळं मागच्या अ‍ॅक्सलवर. आता टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, साइजच्या पुढे जो आकडा असतो तो वाचा. १०७ असेल तर एक टायर जास्तीत जास्त ९७५ किलो उचलतो, १११ असेल तर १०९० किलो. मागच्या अ‍ॅक्सलवर दोन टन आले तर १०७ वाला टायर पहिल्याच दिवशी ओव्हरलोड, मग त्याची नक्षी कितीही राक्षसी असू दे. हा आकडा त्या पोस्टमध्ये एकदाही आला नाही!

आणि आपण चालवतो कुठे? एक्सप्रेसवे, मुंबई-गोवा हायवे, ताम्हिणी, आंबोली. नव्वद टक्के डांबर नाहीतर काँक्रीट. पावसात ओल्या काँक्रीटवर चांगला एचटी, म्हणजे डांबरासाठीचा हायवे टायर, बऱ्याच एटीपेक्षा लवकर थांबवतो. अडीच-तीन टनांची गाडी घाटात थांबणं मला चिखलातून निघण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

स्पितीवेडा:
नव्वद टक्के डांबर हे मान्य, पण गाडी अडकते ती उरलेल्या दहा टक्क्यांत. स्पितीला जाताना ग्रामफू ते बातल केलंय का तुम्ही? तिथे रस्ता नाही, नदीतले दगड पसरलेत, त्यातून पाणी वाहतंय आणि दगडांना धार आहे. माझ्या गाडीला कंपनीचे एचटी होते, भरलेला कॅम्पर, बातलच्या अलीकडे मागच्या डाव्या टायरची साइडवॉल बोटभर फाटली. साइडवॉलला पंक्चर काढता येत नाही हे सगळ्यांना माहितीय. स्टेपनी लावली आणि तिथून काझापर्यंत स्टेपनीशिवाय, कुंझुम खिंड चढून. बायको आणि आई मागे बसलेल्या, कोणी एक शब्द बोलत नव्हतं. नंतर एटी टाकले, त्याच रस्त्याने परत गेलो, काही झालं नाही. मला आकडे नका सांगू.

घाटवाटा:
स्पितीदादा, तुमचा टायर फाटला तो नक्षीने नाही, साइडवॉलच्या कमी प्लायने, म्हणजे रबराच्या आतले थर कमी असल्याने. नक्षी खाली असते, दगड बाजूने लागला. तुम्ही नंतर जे घेतले ते एलटी असणार, म्हणजे लाइट ट्रक बांधणीचे, त्यांची साइडवॉल जाड असते. एटी लिहिलेला प्रत्येक टायर एलटी नसतो. बाजारात निम्मे एटी हे एसयूव्हीचेच टायर आहेत, वरची नक्षी तेवढी रांगडी.

स्पितीवेडा:
ठीक आहे, एलटी होते. पण एचटी नक्षीत एलटी टायर मला माझ्या साइजमध्ये कुठल्याही दुकानात मिळाला नाही, त्यामुळे फिरून तिथेच आलो ना, एटीच घ्यावे लागले.

टायरगल्ली_सांगली:
धंद्यातला माणूस म्हणून बोलतो. दोघंही अर्धं अर्धं बरोबर आहेत. साइजची अडचण खरी आहे. जून २०२० मध्ये सरकारने नवीन टायरची आयात 'रिस्ट्रिक्टेड' यादीत टाकली, तेव्हापासून बाहेरचे एटी मिळवायला लायसन्सची भानगड झाली, भाव चढले, आणि काही ठिकाणी जुना स्टॉक नवीन म्हणून खपवायला लागले. म्हणून घेताना साइडवॉलवरचा चार आकडी कोड बघा. ३१२३ म्हणजे २०२३ सालचा ३१ वा आठवडा. दुकानदार म्हणेल काही फरक पडत नाही. पडतो, कॅम्परला तर जास्त पडतो, कारण कॅम्पर महिनोन्महिने उभा असतो. नक्षी संपायच्या आधी रबर म्हातारं होतं. माझ्याकडे असे टायर येतात की खाचा बघाव्यात तर नव्या आणि साइडवॉलला केसासारख्या बारीक चिरा. सहा वर्षं झाली की मी तर सांगतो, कितीही नवा दिसू दे, लांबच्या ट्रिपला नेऊ नका.

दुसरं, हवा. दाराच्या पट्टीवर लिहिलेली हवा कॅम्परला चालेलच असं नाही, गाडी कंपनीतून निघाली तेव्हा तिच्यात तुमचा पलंग नव्हता. आमच्याकडे जुनी पद्धत आहे, खडूची. टायर गार असताना ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर, आडवी जाड रेघ मारायची, या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग सरळ सपाट रस्त्यावर थोडी गाडी चालवायची आणि उतरून बघायचं. रेघ मधेच पुसली आणि कडांना राहिली तर हवा जास्त. कडा पुसल्या आणि मधे पांढरं तसंच तर हवा कमी. सगळीकडे सारखी पुसली की तो आकडा लिहून ठेवा. टायरवर लिहिलेल्या कमाल हवेच्या वर मात्र जायचं नाही. हे करून न बघता नक्षीवर भांडण्यात अर्थ नाही.

काळंरान:
मी परभणीकडचा. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात एटी घालून दाखवाच. दहा फुटांत खाचा माती खाऊन भरतात, मग टायर गुळगुळीत झाल्यासारखाच, फोर बाय फोर लावा नाहीतर काय वाट्टेल ते लावा. शेवटी शेजारचा ट्रॅक्टरच लागतो. एटी हा मुरमाचा आणि दगडाचा टायर आहे, चिखलाचा नाही, हे कोणीच सांगत नाही. आणि एमटी, म्हणजे चिखलाचा मड टेरेन टायर, घेतला तर रोज हायवेला रडाल. चिखल दिसला की थांबायचं आणि दोन दिवस वाळू द्यायचं, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

दापोलीची_ताई:
तुमचे टायर, प्लाय, खडू सगळं वाचलं. पण ज्या फोटोवरून हे सुरू झालं त्याबद्दल एकानेही अवाक्षर काढलेलं नाही. गुरखा बीचवर उभी आहे आणि तीही भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत! मी याच किनाऱ्यावर वाढले. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं रात्री वर येतात आणि नेमकी त्याच कोरड्या पट्ट्यात दीड फुटाचा खड्डा करून शंभरेक अंडी घालतात. वरून काहीही दिसत नाही. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी आणि गावाने राबून ही घरटी जपलीत, मग आंजर्ले आणि बाकीची गावं पुढे आली. आणि तुम्ही तिथे अडीच टनांचा कॅम्पर घालून वर 'बिनधास्त कुठेही' असं लिहिता?

बिनधास्त_भटक्या:
ती पोस्ट माझी आहे. ताई, आदर ठेवून सांगतो, मी कुठलंही घरटं चिरडलेलं नाही. मे महिन्यातला फोटो आहे. शिवाय गावातल्याच माणसाने गाडी कुठून खाली घ्यायची ते दाखवलं, पार्किंगचे पैसेही घेतले. आम्ही तिथे जेवतो, राहतो, मासळी विकत घेतो, कोकणाचं पर्यटन आमच्यावरच चाललंय. फोर बाय फोर घेऊन फक्त सोसायटीच्या पार्किंगमध्ये फिरायचं का?

दापोलीची_ताई:
मे महिन्यात उशिराच्या घरट्यांतली पिल्लं अजून निघत असू शकतात, अंडी उबायला पन्नास-साठ दिवस लागतात. आणि चिरडणं हा एकच प्रश्न नाहीये. मी डोळ्यांनी बघितलेलं सांगते. पहाटे पिल्लं निघाली होती, तळहाताच्या निम्मी सुद्धा नाहीत एवढीशी. आदल्या संध्याकाळी कुणीतरी गाडी घातली होती, चाकाची चारी समुद्राला समांतर पडलेली. पिल्लं त्या चारीत उतरली आणि भिंत चढता येईना, मग पाण्याकडे जायच्या ऐवजी चारीतून आडवी चालत सुटली, एकामागे एक. वर कावळे आलेच होते. आम्ही ओंजळीने उचलून पलीकडे ठेवली, पण किती? जी आधीच गेली ती गेली. ती चारी जाड नक्षीची होती, खाचा अगदी स्पष्ट उठलेल्या. तेव्हापासून कुणी 'एटीची ग्रिप वाळूत काय भारी' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

खाडीपलीकडे:
ताईंशी सहमत आणि अजून एक. आमच्याकडे मालवणच्या बाजूला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागते, दोर आणि जाळी किनाऱ्यावर पसरलेली असतात. त्यावरून गाड्या घालतात लोक. जाळं फाटलं तर भरपाई कोण देणार? आणि भरतीत गाडी अडकली की रात्री अकरा वाजता आमचेच पोरगे दोर घेऊन धावतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी किती वर येतं हे शहरातून येणाऱ्याला ठाऊकच नसतं, ओहोटीला येतात, जेवायला बसतात, पाणी बंपरला लागलं की फोन.

बिनधास्त_भटक्या:
म्हणजे सगळेच तसे का? मी हवा १८ पीएसआयवर आणूनच वाळूत उतरतो, कॉम्प्रेसर सोबत असतो, भरतीचं वेळापत्रक बघतो. काही लोकांच्या बेशिस्तीसाठी सगळ्यांना झोडपायचं ही इथली सवयच झालीय.

टायरगल्ली_सांगली:
भाऊ, भरलेल्या कॅम्परला १८ वर आणलंत तर वर जे ९७५ आणि १०९० किलो लिहिलंय ते विसरा. ती क्षमता पूर्ण हवेची आहे. हवा उतरवली की टायरची उचलायची ताकदही उतरते, साइडवॉल घडी पडून तापते. रिकाम्या थारला १८ चालतं, पाणी आणि बॅटरी भरलेल्या घराला नाही. अगदी हळू आणि थोडंच अंतर, आणि डांबरावर यायच्या आधी हवा पूर्ण भरून. तुम्ही भरून मगच निघाला असाल अशी आशा आहे.

स्पितीवेडा:
हवेचं निघालंच आहे तर विचारतो. वर चढताना हवा कमी करायची का? लडाखला जाणारा प्रत्येक जण सांगतो की उंचीवर टायर फुगतो, सोडा.

घाटवाटा:
अर्धंच सांगतात. पुण्यातून ३६ भरून निघालात आणि खारदुंग ला खिंडीत पोचलात तर बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे गेज सहाएक पीएसआय जास्त दाखवेल हे बरोबर, पण पुण्याचे ३५ अंश आणि वरचे ५ अंश यातल्या फरकाने पाचेक उतरते. दोन्ही एकमेकांना बरेचसे खातात. गार टायरवर गेज लावा, जो आकडा दिसेल त्यावर ठरवा. वर सोडून दिलीत आणि मनालीला तशीच खाली उतरलात तर पूर्ण भरलेला कॅम्पर कमी हवेवर घाट उतरतोय, हे जास्त धोक्याचं.

आणि एक साइज मोठ्याचं राहिलंच. २४५/७० आर१६ च्या जागी २६५/७० टाकला की टायरची उंची साधारण पावणेचार टक्के वाढते. मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ ला. ब्रेकवर, गिअरिंगवर ताण. शिवाय २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून गाडीत बदल चालणार नाहीत. अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्याने टायरची साइज बघितली तर काय उत्तर देणार?

बिनधास्त_भटक्या:
साइज मी बदलणार नाही. फेंडरला घासत नाही, मला घाटात काही त्रास नाही, ज्याला भीती वाटते त्याने बदलू नये. आकड्याचा मुद्दा मात्र खरा आहे, माझ्या टायरवर १११ आहे आणि मी मागचा अ‍ॅक्सल कधी तोलून बघितलेला नाही. आणि बीचबद्दल ताईंनी चारीचं जे लिहिलंय ते मला माहीत नव्हतं. पोस्टमधला फोटो काढून टाकतो. पण गावकऱ्यांनीच पैसे घेऊन वाट दाखवली हेही तुम्ही गावात बोला, सगळं आमच्यावर नको.

दापोलीची_ताई:
गावात बोलतोच, रोज बोलतो, त्यावरून घरात भांडणं झालीत. वाट दाखवणारा माझा चुलतभाऊ पण असेल, त्याने काय फरक पडतो? तुम्ही उतरला नसतात तर त्याने दाखवली नसती. फोटो काढून टाका आणि 'बिनधास्त कुठेही' ही ओळ पण काढा.

काळंरान:
ओळ काढलीय का? मला अजून दिसतेय.

टायरगल्ली_सांगली:
भटक्याभाऊ, तोलायचं असेल तर पाणी, डिझेल, गॅस, माणसं सगळं भरून वजनकाट्यावर जा. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. साखर कारखान्याच्या बाहेर काटे असतात तिथे शंभर-दोनशे रुपयांत होतं, गळीत हंगामात मात्र उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते, पहाटे जा. मागच्या वजनाचे दोन भाग करून १०९० शी ताडून बघा आणि काठावर असाल तर माझ्याकडे या नाहीतर कुठेही जा, पण पाचही टायर एकाच साइजचे आणि एकाच नक्षीचे घ्या. फोर बाय फोर लावल्यावर एक चाक वेगळ्या उंचीचं असेल तर ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सची, वाट लागते, आणि तो खर्च पाच टायरांच्या वर जातो.