टीम बदलली आणि माणूस खुलला - तुमच्या आठवणी लिहा

उशिराचा_पाऊस
काल रात्री झोप येईना म्हणून फोनवर जुन्या मॅचेस बघत पडलो होतो, तर रहाणेची आयपीएल २०२३ ची ती इनिंग समोर आली. वानखेडेवर, मुंबईविरुद्ध, चेन्नईकडून पहिलीच मॅच, २७ चेंडूत ६१. मोईन अली आजारी पडला म्हणून ऐनवेळी आत आलेला माणूस. लिलावात ५० लाखाच्या बेस प्राइसला गेला होता, आणि "हा टेस्टचा प्लेयर, याला कशाला घेतलं" असं मीच घरात बोलून दाखवलं होतं. पुढे त्या सीझनला स्ट्राइक रेट १७० च्या वर, आणि जूनमध्ये परत टेस्ट टीममध्ये, ओव्हलवर ८९.
ती मॅच मी बाबांबरोबर बघितली होती. तो एकेक फटका मारत होता आणि बाबा म्हणाले, "याला कुणीतरी सांगितलंय रे, आउट झालास तरी चालेल." एवढंच. बाबा आता नाहीत, पण काल ते वाक्य अगदी त्यांच्या आवाजात ऐकू आलं. मला तेव्हापासून असंच वाटतं की टीम बदलल्यावर खेळ नाही बदलत, डोक्यावरचं ओझं उतरतं. तुम्ही बघितलेलं, स्वतः अनुभवलेलं काही असेल तर लिहा.

दोन_ओळी
वॉटसन. चेन्नईकडून २०१८ ची आयपीएल फायनल. बास.

डावा_कोपरा
मी कॉलेजला असताना कबड्डीत चढाई करायचे, तीन वर्षं. बरी होते, पण दम लागला की रिकाम्या हाती परत यायचे, आणि आमच्या सरांचं "पॉइंट कुठाय पॉइंट कुठाय" चालू. मग टीम बदलली, तिथल्या ताईंनी दोन दिवस नुसतं बघितलं आणि म्हणाल्या तू चढाई नको करूस, कोपऱ्यात उभी रहा, तुझा हात खाली पटकन जातो. पहिल्याच मॅचला घोट्याच्या चार पकडी. चार! मला माहीतच नव्हतं की मला हे येतं. त्या ताईंचा मला आजही महिन्यातून एकदा फोन असतो.
म्हणून पवन सेहरावतचं मला फार कौतुक. प्रो कबड्डीच्या पाचव्या सीझनला गुजरातकडे होता, फारसा खेळवलाच नाही. सहाव्या सीझनला बंगळुरूकडे गेला आणि चढाईचे २७१ पॉइंट, फायनलमध्ये एकट्याचे २२, आणि समोर कोण, तर गुजरातच. बाळ उठलं, नंतर येते.

रिकामी_स्लिप
दोन_ओळी, वॉटसनचं नीट लिही की!! पहिल्या दहा बॉलला शून्य होता तो. मी वैतागून टीव्ही बंद करून भांडी घासायला गेले आणि बहिणीने शेजारच्या खोलीतून हाक मारली तेव्हा पन्नास झाले होते. ५७ चेंडूत नाबाद ११७. आधीच्या वर्षी बंगळुरूकडून काहीच चाललं नव्हतं त्याचं, लोकांनी निवृत्तच करून टाकलेलं.

दोन_ओळी
ताई, मी ट्रेनमध्ये आहे, रेंज नाही 🙏 पुढच्या वर्षीच्या फायनलला गुडघ्यातून रक्त येत असताना ८० केले ते पण लिहायचं होतं. एका रनने हरले.

रणजीवेडा
सगळे आयपीएलवरच का जाता. वसीम जाफर बघा. मुंबईत सगळं मिळवलेला माणूस, चाळिशीला टेकला असताना विदर्भाकडून खेळतो आणि विदर्भ २०१७-१८ ला पहिल्यांदा रणजी जिंकतं, लगेच पुढच्या वर्षी परत, आणि त्या दुसऱ्या वर्षी जाफरचे हजारावर रन. मधे इराणी कपमध्ये २८६ केले ते वेगळेच. मला यात आवडतं ते हे की नुसता तो खुलला नाही, त्याच्या बाजूला उभी राहणारी पोरं पण खुलली. आणि कोच चंद्रकांत पंडित, ते पण मूळचे मुंबईचे. पुढे मध्य प्रदेशला गेले आणि २०२२ ला चिन्नास्वामीवर रणजी जिंकली, त्याच मैदानावर जिथे १९९८-९९ ला मध्य प्रदेशचे कॅप्टन म्हणून फायनल हरले होते. त्या दिवशी ते रडत होते, मी पण रडलो खरं सांगतो.
आणि करुण नायर. टेस्टमध्ये ३०३ नाबाद करून बाहेर, कर्नाटकच्या टीममधून पण बाहेर, विदर्भाने घेतला. २०२४-२५ ला विजय हजारे ट्रॉफीत ७७९ रन, पाच शतकं, रणजी फायनलला शतक, आणि आठ वर्षांनी परत इंडियाकडून.

पाऊलवाट_७
फुटबॉलमधला सालाह. चेल्सीत बसून होता, लिव्हरपूलला आल्यावर पहिल्याच सीझनला लीगमध्ये ३२ गोल. ऑफिसात आहे, एवढंच.

लालकाळी_जर्सी
सगळे आनंदाने लिहिताय पण ज्यांच्याकडून माणूस जातो त्यांचं पण ऐका. चहल. इतकी वर्षं आमचा, बंगळुरूचा, २०२२ ला राजस्थानकडे गेला आणि २७ विकेट, सीझनमध्ये सगळ्यात जास्त, म्हणून पर्पल कॅप. माझा भाचा आठ वर्षांचा होता तेव्हा, त्याने विचारलं "मामा, आपण त्याला का जाऊ दिलं?" मला उत्तर देता येईना. त्याची प्रत्येक विकेट बघताना टाळी पण वाजवायचो आणि पोटात तुटायचं पण.

रिकामी_स्लिप
अरे भाच्याला ख्रिस गेल सांगायचा! २०११ ला लिलावात कुणीच घेतला नव्हता, तुम्ही मधेच आणलात आणि पहिल्याच मॅचला जुन्या टीमविरुद्ध, कोलकात्याविरुद्ध, १०२ नाबाद. आणि सगळ्यात जास्त रनची ऑरेंज कॅप. तुम्हाला पण मिळालंय की.

लालकाळी_जर्सी
हे खरंय. आज फोनवर सांगतो त्याला 🙂

मागचा_बाक
मला थोडं वेगळं लिहायचंय, राग मानू नका. जे खुलले ते आपल्या लक्षात राहतात. माझा धाकटा भाऊ फास्ट बोलर, क्लब बदलला मोठ्या आशेने, तिथे आधीच चार बोलर. दीड वर्ष नेटमध्ये बोलिंग टाकली, मॅच मिळाल्या तीन. मग सोडलंच त्याने. कुणी वाईट वागलं नाही, फक्त कुणी सांगितलं नाही की तुझं काम काय. पाऊसदादांच्या बाबांचं वाक्य वाचलं आणि त्याचीच आठवण आली.

उशिराचा_पाऊस
राग कसला. बरं झालं लिहिलंत. तो आता खेळतो का काही?

मागचा_बाक
रविवारी टेनिस बॉलने. अजून यॉर्कर पडतो त्याचा.

डावा_कोपरा
आले परत, बाळ झोपलं. मागचा_बाक, त्याला म्हणावं लहान मुलांना शिकव, खरंच. माझा गुडघा गेला तेव्हा मला ताईंनी तेच करायला लावलं होतं.

रणजीवेडा
गुडघ्याचं ऑपरेशन केलंत का? माझ्या मुलीचं पुढच्या महिन्यात आहे, लिगामेंट. किती महिन्यांनी पळता आलं?

डावा_कोपरा
मला नऊ. घाई करू देऊ नका, फिजिओ एक दिवस पण चुकवायचा नाही. मेसेज करा, सगळं सांगते.