खिशातला चाकू चारचौघात काढावा का, आणि काढलाच तर कसा?

मोसंबीबाग_जालना
आमच्या गावच्या ग्रुपवर परवा एकाने टाकलं की "खिशात चाकू घेऊन फिरणारा माणूस एक तर गुंड असतो नाहीतर गुंड व्हायच्या तयारीत असतो", अन त्याला धडाधड अंगठे पडले. मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून इथं लिहायलोय.

आमची मोसंबीची बाग हाय. रंगपूर लिंबाच्या किंवा जंबेरीच्या खुंटावर डोळा भरायचा, म्हणजे मोसंबीचं कलम करायचं, तर चाकू लागतो, ठिबकची नळी कापायला लागतो, खताच्या पोत्याची शिवण सोडायला लागतो, मधेच एखादं फळ चिरून रस किती भरला ते बघायला लागतो. घडीचा छोटा चाकू खिशात नसला तर माणूस दिवसभर घरी-बागेत हेलपाटे मारत बसंल. आता हाच माणूस दुपारी तसाच मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात जातो, बँकेत जातो, एसटीत बसतो. तो गुंड कसा झाला?

पण हेही तितकंच खरं की चारचौघात चाकू काढायची एक रीत असते अन ती आता कुणी शिकवत नाही. पातं तीन इंचाच्या आतलं बास होतं. काढायच्या आधी शेजारच्याला सांगायचं, "जरा चाकू काढतो, फळ कापायचंय." दोन्ही हातांनी सावकाश उघडायचा, मनगटाला झटका देऊन टक्क करून नाही. हातात उघडं पातं असताना हातवारे करत गप्पा नाही मारायच्या, कुणाकडं बोट दाखवायचं तर आधी चाकू खाली. काम झालं की पुसून, मिटून, खिशात. दुसऱ्यानं मागितला तर मिटून द्यायचा, अन मिटत नसंल तर मूठ त्याच्याकडं. आमची आजी तर सुरी कधी हातात द्यायचीच नाही, खाली ठेवायची अन मग आपण उचलायची. अन पट्ट्याला लटकवून मिरवायचा तर मुळीच नाही, लोकांना दाखवायची वस्तू नाही ती.

दवाखाना, शाळा, कोर्ट, मिरवणूक, मतदान केंद्र, अन जिथं दोन माणसं तावातावानं बोलायलेत अशी कुठलीही जागा, इथं तो निघालाच नाही पाहिजे. तुमचं काय मत?

लातूरची_लेक
दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी पूर्ण विरोधात आहे आणि का ते सांगते.

तुम्ही म्हणता शेजारच्याला सांगून काढा. मी रात्रीच्या गाडीत खिडकीला बसलेय, बाजूला अनोळखी माणूस, गाडीतले दिवे बंद, आणि तो म्हणतो "ताई जरा चाकू काढतो". मी काय म्हणणार? "नको" म्हणायची हिंमत कितीजणींना होईल? सांगणं म्हणजे परवानगी घेणं नाही, कारण समोरच्याला नाही म्हणायची सोय तुम्ही ठेवलेलीच नाही. तो बिचारा सफरचंद कापेल, खाईल, झोपून जाईल, पण मी मात्र पुढचा स्टॉप येईपर्यंत त्याच्या हाताकडे बघत बसणार. त्याचं फळ झालं पाच मिनिटांचं आणि माझी झोप गेली रात्रभराची.

फळ घरून चिरून डब्यात आणा. मोसंबी हातानं सोलता येते, पेरू दातानं खाता येतो. प्रवासात चाकूवाचून अडतं असं एक काम मला सांगा.

आडत_परभणी
ताई, तुम्ही बसमधलं बोलायलात ते मान्य, पण सगळीकडं एकच नियम कामून? मोंढ्यात या एकदा सोयाबीनच्या दिवसात. हमालाच्या हातात चाकू, मापाड्याच्या खिशात चाकू, दिवसभर सुतळी कापणं चालू, कुणी कुणाकडं वर मान करून बघत नाही. आमच्या आजोबाच्या कमरेला पानाची चंची असायची अन त्यात हा एवढा अडकित्ता, लग्नात, तेराव्याला, पारावर, कुठंबी काढायचे अन सुपारी कातरत बसायचे, बायाबापड्या लेकरं सगळी शेजारी. कुणाला भीती वाटली का कधी? माणसाचं काम माहीत असलं की अवजाराची भीती वाटत नाही.

लातूरची_लेक
@आडत_परभणी काका, अडकित्त्यानं सुपारी कातरता येते, कुणाला भोसकता येत नाही, हा फरक तुम्ही सोडून दिलात. आणि पारावर सगळे ओळखीचे असतात. मी अनोळखी लोकांच्यातलं बोलतेय.

गोदाकाठ_नांदेड
मी तिसरंच म्हणतो. धागाकर्त्यांचं "मिरवू नका, आत ठेवा" हेच मला चुकीचं वाटतं. लपवलेल्या गोष्टीचीच भीती जास्त वाटते.

आमच्या नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या भागात रोज हजारो लोकांत वावरतो आम्ही, कितीतरी शीख बांधवांच्या अंगावर कृपाण असते, म्यानात, उघड दिसेल अशी. २००८ ला गुरता गद्दीची, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबला गुरुपद दिल्याची, ३०० वर्षं झाली तेव्हा तर देशभरातून जगातून लोक आले होते. आम्हाला लहानपणापासून भीती म्हणून वाटली नाही कारण ती दिसते, कुणाकडे आहे ते कळतं, आणि ती उगाच बाहेर निघत नाही हे माहीत असतं. याउलट पँटीच्या खिशातून अचानक काहीतरी चमकलं की माणूस दचकतोच. म्हणून शेतकऱ्यानं चाकू कमरेला चामड्याच्या म्यानात लावावा, लोकांनी बघावा, सवय व्हावी.

खाकीतून_निवृत्त
वरचे सगळे वाचले. थोडं कायद्याचं सांगतो, मग आपसात ठरवा.

@गोदाकाठ_नांदेड, कृपाणीचं उदाहरण इथं लागू नाही. तो श्रद्धेचा भाग आहे आणि राज्यघटनेच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणातच कृपाण धारण करणं शीख धर्माचरणात मोडतं असं लिहिलेलं आहे. विमानात देशांतर्गत प्रवासाला सुद्धा शीख प्रवाशाला ठरावीक मापाची चालते, पातं ६ इंचापर्यंत आणि एकूण लांबी ९ इंचापर्यंत. तुमचा-माझा फळाचा चाकू केबिनमध्ये चालत नाही, तो चेक-इन सामानात टाकायचा. तेव्हा त्यांचं बघून आपण कमरेला लावायचं म्हणणं बरोबर नाही.

आता मुख्य मुद्दा. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि त्यातून घरगुती, शेतीची, शास्त्रीय, औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळलेली आहेत. म्हणून जालन्याच्या भाऊंचा कलमाचा चाकू त्यात बसत नाही. पण एवढं वाचून लोक खूश होतात आणि पुढचं वाचत नाहीत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ (१) खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतो, सण, निवडणूक, आंदोलन असलं की बहुतेक निघतोच, आणि त्यात काठ्या, भाले, तलवारी यांच्या जोडीला चाकू हा शब्द स्पष्ट आहे, तिथं इंच मोजत नाहीत. मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. आपल्याकडे आदेश लागू आहे हे निम्म्या लोकांना पत्ताच नसतो, पेपरात कोपऱ्यात छोटी बातमी येते.

बंदोबस्तावरचा पोलीस चाकूपेक्षा माणूस बघतो. हाताला माती, पिशवीत कलमाच्या काड्या, पट्ट्या, असा माणूस विचारल्यावर सरळ उत्तर देतो आणि सोडून दिला जातो. रात्री अकराला पानटपरीवर चाकू उघडमीट करत बसलेल्या पोरानं "फळं कापायला ठेवलाय" म्हणलं तर कुणाचा विश्वास बसेल? आणि ही तलवारीनं केक कापायची जी रीळं टाकतात पोरं, त्यांच्यावर आर्म्स ॲक्टचे गुन्हे दाखल होतात ते तर आहेच, पण त्यांच्यामुळे साध्या शेतकऱ्याकडेही लोक संशयानं बघायला लागलेत, याचा मला जास्त राग येतो.

सीताफळ_बालाघाट
सर, पण स्वतःच्या सेफ्टीसाठी ठेवला तर? मी रोज रात्री उशिरा टू व्हीलरवर घाटातून येतो, रस्त्याला चिटपाखरू नसतं, एखादा चाकू जवळ असला की जरा धीर वाटतो एवढंच.

खाकीतून_निवृत्त
@सीताफळ_बालाघाट बाळा, नको. अगदी मनापासून सांगतो. पहिली गोष्ट, तू तोंडानं एकदा "सेफ्टीसाठी" म्हणलास की ते अवजार राहिलं नाही, हत्यार झालं, आणि चौकशीत हेच शब्द तुझ्याविरुद्ध जातात. दुसरी गोष्ट, ज्याला चाकू चालवायची सवय नाही त्याच्या हातातला चाकू समोरचा हिसकावून घेतो आणि मग भांडण बुक्क्यांवर थांबणार होतं ते पोटावर जातं. नोकरीत असले पंचनामे केलेत मी, दोन्हीकडची घरं उद्ध्वस्त झालेली बघितलीत. मोबाईल चार्ज ठेव, ११२ लक्षात ठेव, घरी निघाल्याचं कळव, पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नको.

लातूरची_लेक
@सीताफळ_बालाघाट भाऊ, सरांचं ऐका. माझ्या होस्टेलच्या मैत्रिणींना पण कुणीतरी पर्समध्ये कटर ठेवा म्हणून सांगितलं होतं. इकडे ट्यूशन एरियात एवढी लेकरं एका गल्लीत असतात, एकानं धाकापायी ठेवला की दुसरा त्याच्या धाकापायी ठेवतो, मग तिसरा. हे कुठं थांबायचं?

धाराशिव_ते_लेस्टर
इकडचा अनुभव टाकतो, कुणाला उपयोग होईल. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानं घडीचा, पात्याला लॉक नसलेला, तीन इंचापर्यंतचा चाकू खिशात ठेवायला कारण लागत नाही. त्याहून मोठा किंवा लॉक होणारा असला तर सबळ कारण पाहिजे, कामाचं म्हणा, धर्माचं म्हणा. स्वसंरक्षणासाठी सहज जवळ ठेवला, हे कारण इथं धरत नाहीत. त्यामुळे धागाकर्त्यांचा तीन इंचाचा अंदाज अगदी बरोबर बसतोय.

फक्त एक गोष्ट, लॉक नसलेल्या चाकूनं टोचायचं काम करायचं नाही. पात्याचं टोक अडकून उलटा दाब पडला की ते मिटतं आणि आपल्याच बोटावर येतं. नळीला भोक पाडायचं असेल तर त्यासाठी वेगळा पंच मिळतो तो वापरा.

मी इकडे पार्कात डबा खाताना सुद्धा चाकू काढत नाही. कायद्यानं चालतं, पण बाजूच्या बाकावर आई मुलाला घेऊन बसलेली असते आणि इथं चाकूहल्ल्यांच्या बातम्या इतक्या असतात की ती उठून जाते. ती उठून जाण्यापेक्षा मी पोळीभाजी आणतो.

आडत_परभणी
म्हणजे दुसऱ्याच्या बातमीपायी आपण आपलं काम सोडायचं? मला तर हे पटत नाही. उद्या विळ्याची भीती वाटली तर बायांनी खुरपणीला जाताना ऑटोत विळे-खुरपी घेऊन बसायचं नाही का? रोज सकाळी बाया भरून ऑटो जातात, मांडीवर खुरपी, विळ्याला फडकं गुंडाळलेलं, त्यांना कोण विचारतं? गरिबाच्या अवजाराला आधीच कुणी मान देत नाही, त्यात आता ते लपवायला लावायलेत.

मोसंबीबाग_जालना
आडतवाले काका, तुम्ही नकळत माझाच मुद्दा मांडला बघा. त्या बाया विळ्याला फडकं गुंडाळतात. कुणी कायदा सांगितला नाही, पोलिसाची भीती नाही, बाजूच्या बाईला लागू नये म्हणून गुंडाळतात. मी आत ठेवा म्हणतो ते एवढ्यासाठीच, लाज वाटते म्हणून नाही. गोदाकाठ भाऊंना पण हेच सांगणं हाय, खिशात मिटून ठेवलेला चाकू लपवलेला नसतो, कुणी विचारलं तर काढून दाखवायचा, त्यात काय.

लातूरच्या ताईंचा "नाही म्हणायची सोय" हा मुद्दा मात्र मला बिनतोड वाटला. बंद जागेत, जिथून समोरच्याला उठून जाता येत नाही, तिथं सांगून काढणं पुरेसं नाही. एसटी, रेल्वेचा डबा, लिफ्ट, काळीपिवळी, इथं काढायचाच नाही. स्टँडवर उतरून कापा, हात धुवा, मग चढा. पण बागेत, मोंढ्यात, हुरड्याला, डब्याच्या सुट्टीत ओळखीच्या लोकांत, तिथं चाकू काढणाऱ्याला गुंड म्हणायचं नाही, हे मी सोडणार नाही.

लातूरची_लेक
हुरड्याला काढा दादा, मीच पेरू चिरायला मागेन. पण स्टँडवर पण जरा कडेला, फलाटावर माणसं चढायला रेटारेटी करत असतात तिथं मधोमध नको, कुणी धक्का दिला तर पातं कुणाला लागेल सांगता येत नाही. आणि ग्रुपवर ज्यानं ते गुंडाचं लिहिलं त्याला पण एवढं सगळं समजावून सांगा, नुसतं रागावू नका, त्यानं काहीतरी बघितलं असेल म्हणून लिहिलं असेल.

सीताफळ_बालाघाट
एक प्रॅक्टिकल प्रश्न, नर्सरीतून परस्पर लग्नाला जायचं असलं अन चाकू खिशातच राहिला तर?

मोसंबीबाग_जालना
गाडीच्या डिक्कीत, पान्यांच्या पाऊचमधे टाकायचा अन डिक्कीला कुलूप. एसटीनं गेलात तर मिटून, फडक्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी, अन जायच्या आधी जिल्ह्यात मनाई आदेश लागू हाय का ते बघायचं, असला तर नर्सरीतच ठेवून जायचं.