शाकाहारींनो, कोयासानला जा

तुमच्यापैकी एकाने लिहिलंय की जपानमध्ये क्योतोत देवळं मनसोक्त पाहिली, पण मिसो सूपमध्येही मासा निघाल्याने नुसत्या भातावर दिवस काढला. खरंय, तिथल्या दाशीत, म्हणजे सूपसाठीच्या मूळ रश्श्यात, बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीस असतोच. पुढच्या वेळी कोयासानला, म्हणजे जपानमधल्या बौद्ध देवळांच्या डोंगरावर, देवळातच मुक्काम करा. तिथल्या भिक्षूंच्या शाकाहारी जेवणात, शोजिन र्‍योरीत, मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. दाशी कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके अळंब्यांची. गोमादोफू नाव तोफूचं, पण त्यात सोयाबीन नाही. तीळ आणि कुझू नावाच्या वेलीच्या मुळांचं सत्त्व घोटून केलेलं, खरवसासारखं थलथलीत. मी दोनदा मागून घेतलं, लाज सोडून!

आम्ही जेवणाच्या वेळेला (साडेपाच!) चुकलो होतो. तरुण भिक्षू दारात छत्री घेऊन उभा, तक्रारीचा शब्द नाही. आधी ओले मोजे वाळत घातले, मग ताटं आणली.

सकाळी ओकुनोइन या तिथल्या जुन्या दफनभूमीच्या दोन किलोमीटर वाटेवर थडग्यांमागच्या लाकडी फळ्या नीट बघा. सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीत वरून खाली ख, ह, र, व, अ लिहिलेलं असतं, पंचमहाभूतांची बीजाक्षरं. देवनागरीवाल्याला 'र' तर जरा निरखल्यावर ओळखूच येतो.