मदत हवी आहे : वाचनालयाचे संगणक चालू ठेवावेत, स्लीपवर ठेवावेत की पूर्ण बंद करावेत?

नमस्कार. डिचोली तालुक्यातील एका गावातल्या वाचनालयाच्या दोन संगणकांविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. वाचनालय सकाळी नऊ ते एक आणि दुपारी साडेतीन ते सायंकाळी सात या वेळात उघडे असते. मधले अडीच तास, रात्र आणि सुट्टीचे दिवस संगणक कोणत्या अवस्थेत ठेवावेत यावर आमच्या कार्यकारिणीत दोन मते आहेत. ज्येष्ठ कोषाध्यक्षांच्या मते काम संपताच संगणक बंद करून प्लगही काढावा, कारण विजेचे बिल आणि आकाशातली वीज या दोन्हींपासून तोच एक उपाय आहे. संगणकाचे काम सांभाळणाऱ्या आमच्या सहायिकेचे म्हणणे असे की दिवसातून अनेकदा बंद-चालू केल्याने यंत्र लवकर झिजते, त्यामुळे ते चालूच राहू द्यावे, फार तर स्लीपवर ठेवावे. दोघांनाही वाचनालयाची मनापासून काळजी आहे, म्हणूनच निर्णय कारणांसह व्हावा असे मला वाटते.

पहिला संगणक उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालतो आणि त्यावर ग्रंथसूचीसाठी ‘कोहा’ हे वाचनालयाचे सॉफ्टवेअर बसवलेले आहे. दुसरा विंडोज 11 चा असून वाचक त्याच्या ब्राउझरमधून पहिल्यावरची सूची पाहतात. त्याच दुसऱ्या संगणकाला स्कॅनर जोडलेला आहे आणि त्यावर सध्या आम्ही गावच्या उत्सवी नाटकांच्या जुन्या हस्तलिखित नकला स्कॅन करीत आहोत. कागद इतका जीर्ण झाला आहे की पान उलटताना घडीवरचा भुगा स्कॅनरच्या काचेवर पडतो, आणि मऊ ब्रशने तो झाडल्याशिवाय पुढचे पान ठेवता येत नाही. असे पान दुसऱ्यांदा काचेवर ठेवण्याची वेळ येऊ नये, एवढीच आमची धडपड असते.

तीच वेळ अलीकडे आली. दुपारी स्लीपवर ठेवलेला दुसरा संगणक साडेतीन वाजता उघडला, तेव्हा तो थांबल्या जागेवरून पुढे जाण्याऐवजी अगदी पहिल्यापासून सुरू झाला आणि स्कॅन झालेली, परंतु फाइलमध्ये साठवली न गेलेली पाने नाहीशी झाली. मधल्या वेळात वीज जाऊन आली होती हे शेजारच्या दुकानदाराकडून कळले. कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की हा संगणक यूपीएसवर आहे, यूपीएसची बॅटरी नवी आहे, आणि वीज गेल्यावर चालू असलेला संगणक तो वीसेक मिनिटे सहज सांभाळतो. मग झोपलेला संगणक, ज्याला वीज जवळजवळ लागतच नाही, तो त्याने का सांभाळला नाही? आणि एकंदरीत दुपारी, रात्री व सुट्टीत आम्ही काय करावे?

प्रतिसाद (मडगाव)

मी संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि हा प्रश्न गोव्यात, विशेषतः दुपारी बंद राहणाऱ्या कचेऱ्यांमध्ये, वारंवार समोर येतो. आपल्या कोड्याचे उत्तर बहुधा यूपीएसच्याच रचनेत आहे. स्लीपमध्ये प्रोसेसर, डिस्क आणि पंखे थांबतात, पण रॅमला, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीला, वीज मिळत राहावी लागते, कारण रॅममधील प्रत्येक नोंद साधारण दर 64 मिलिसेकंदांनी नव्याने भरावी लागते आणि पुरवठा तुटला की ती पुसली जाते. एवढ्या कामासाठी डेस्कटॉप संगणक जेमतेम दोन ते पाच वॅट घेतो. आता बाजारातील काही यूपीएसमध्ये अशी सोय असते की बॅटरीवर असताना भार फारच कमी दिसला, तर काहीही जोडलेले नाही असे समजून यूपीएस बॅटरी वाचवण्यासाठी आपण होऊन बंद होतो. पन्नास-साठ वॅट घेणारा चालू संगणक त्याला दिसतो, तीन वॅट घेणारा झोपलेला संगणक दिसत नाही. बॅटरी नवी असूनही आपली पाने गेली ती यामुळेच, असा माझा अंदाज आहे. खात्री करणे सोपे आहे : सर्व कामे साठवून संगणक स्लीपवर ठेवा, यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करा आणि यूपीएसचा दिवा किती वेळ टिकतो ते शेजारी उभे राहून पाहा.

बिलाविषयी कोषाध्यक्षांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, पण आकडे पाहिले तर दुपार आणि रात्र यांत मोठा फरक दिसतो. मॉनिटर बंद करून नुसता पडून असलेला डेस्कटॉप सुमारे 50 वॅट घेतो असे धरू. सायंकाळी सात ते सकाळी नऊ हे चौदा तास तो चालू राहिला, तर एका रात्रीत 0.7 युनिट आणि महिन्याला 21 युनिट जातात. तेच स्लीपवर, 3 वॅटच्या हिशेबाने, महिन्याला सव्वा युनिटच्या आसपास राहतात. दुपारच्या अडीच तासांत मात्र चालू संगणकही महिन्याला तीन-चार युनिटांपलीकडे जात नाही. म्हणजे दुपारचा निर्णय बिलावर घेऊच नये, तो काम सुरक्षित राहण्यावर घ्यावा. रात्रभर विनाकारण संगणक चालू ठेवण्याचे समर्थन मात्र मला करता येत नाही.

यंत्राच्या झिजेविषयी सहायिकेची काळजी जुन्या अनुभवातून आलेली आहे आणि एके काळी तिला आधारही होता. पण डेस्कटॉपच्या फिरत्या डिस्कसाठी उत्पादक सामान्यतः 50,000 वेळा चालू-बंद होण्याची क्षमता सांगतात. दिवसातून तीनदा बंद-चालू केले तरी वर्षाला हजाराच्या आसपासच आकडा जातो आणि डिस्क त्याआधीच दुसऱ्या कारणांनी निवृत्त होते. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, तर फिरणारा भागच नसतो.

आता विंडोजच्या संगणकासाठी माझा स्पष्ट सल्ला असा की दुपारी नुसते स्लीप वापरू नका, हायबरनेट वापरा. हायबरनेटमध्ये रॅममधील सर्व काही डिस्कवर लिहिले जाते आणि संगणक खरोखर बंद होतो. वीज गेली, यूपीएस थांबला, कोणी प्लग काढला, तरी उघडलेली पाने जशीच्या तशी परत येतात. उठायला काही सेकंद जास्त लागतात, एवढेच. हा पर्याय सुरुवातीला मेनूत दिसत नाही. तो कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाने काय करावे हे ठरवण्याच्या पानावर, सुरू करता येतो. तिथे तो नसेलच, तर प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने हायबरनेट चालू करावे लागते. त्याच पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत भागात हायब्रिड स्लीप असेल तर तेही चालू करा. त्यात संगणक झोपण्यापूर्वी रॅमची प्रत डिस्कवरही ठेवतो, त्यामुळे वीज राहिली तर तो लगेच उठतो आणि गेली तरी काही हरवत नाही. तरीही स्कॅनिंगच्या वेळी प्रत्येक पान लगोलग वेगळ्या फाइलमध्ये साठवण्याची सवय या सगळ्यापेक्षा मोलाची आहे. आपण वर्णन केलेल्या कागदासाठी तर ती अनिवार्य समजावी.

एक गोष्ट आणखी सांगणे आवश्यक आहे. विंडोजमध्ये ‘शटडाऊन’ केल्यावरही प्रणालीचा गाभा डिस्कवर राखून ठेवला जातो. फास्ट स्टार्टअप नावाची ही पद्धत 2012 साली विंडोज 8 पासून आली. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी ‘रीस्टार्ट’ करावे, म्हणजे संगणक खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतो.

प्रतिसाद (पेडणे)

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. फक्त हवामानाविषयी दोन वाक्ये जोडतो. आकाशातल्या विजेपासून स्लीप, हायबरनेट वा शटडाऊन यांपैकी कशानेही संरक्षण मिळत नाही, कारण तार जोडलेलीच असते. आपल्याकडे गडगडाट मुख्यतः मे महिन्यात, मिरगाच्या तोंडावर, आणि पुन्हा ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात होतो. त्या दिवसांत संध्याकाळी प्लग काढावाच, आणि ब्रॉडबँड तांब्याच्या तारेवरून येत असेल तर तीही तार राउटरमधून काढावी. आमच्या किनाऱ्याकडे कित्येक संगणक विजेच्या प्लगमुळे नव्हे, तर नेटवर्कच्या तारेतून आलेल्या झटक्याने गेलेले मी पाहिले आहेत. जुलै-ऑगस्टचा प्रश्न याच्या उलट असतो. तेव्हा वीज कमी कडाडते, पण दमट हवा आत शिरते. चवथीच्या सुट्टीत यंत्रे सलग बंद राहणार असतील, तर मध्येच कोणीतरी येऊन ती तास-दोन तास चालवावीत, म्हणजे आतल्या उष्णतेने ओल निघून जाते. स्कॅनरच्या काचेखाली बुरशी धरू नये म्हणून तो झाकून, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे चाचणी करून पाहिली. संगणक झोपलेला असताना भिंतीवरचा स्विच बंद केला. यूपीएस काही मिनिटे बीप करीत राहिला आणि मग बॅटरी भरलेली असतानाच बंद झाला. चालू संगणकासह तीच चाचणी केली तेव्हा तो बंद झाला नाही. कोषाध्यक्ष आणि सहायिका दोघेही शेजारी उभे होते, त्यामुळे हायबरनेटबाबत आता मतभेद उरलेला नाही.

राहिला पहिला, कोहाचा संगणक. वाचनालय उघडे असताना तो झोपला तर दुसऱ्या संगणकावर सूची दिसत नाही, म्हणून त्याचे स्वयंचलित स्लीप आम्ही बंद केले आहे. उबुंटूत हायबरनेटचा पर्याय सापडत नाही. रात्री तो पूर्ण बंद केला तर कोहाची रोजची राखीव प्रत निघेल का? आणि सकाळी वाचनालय उघडणाऱ्या सेवकाला संगणकाचे फारसे ज्ञान नाही, त्याच्यासाठी काही सोपा मार्ग आहे का?

प्रतिसाद (मडगाव)

चाचणी केलीत हे फार चांगले झाले. उबुंटूने 12.04 या आवृत्तीपासून हायबरनेट मुळातच बंद ठेवले आहे. ते खटपटीने चालू करता येते, पण डेटाबेस सांभाळणाऱ्या यंत्रावर मी ती खटपट करणार नाही. हा संगणक दुपारी चालूच ठेवा, फक्त मॉनिटर बंद करा. तो जागा असल्यामुळे यूपीएस त्याला सोडणार नाही, आणि महिन्याचे तीन-चार युनिट ही त्यासाठी योग्य किंमत आहे. मात्र वीसेक मिनिटांपेक्षा जास्त काळ वीज गेली तर यूपीएसही संपेल. म्हणून यूपीएसला यूएसबीची तार असेल, तर ‘नट’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर बसवून बॅटरी उतरताच संगणक रीतसर बंद होईल अशी व्यवस्था करा. रात्री तो मेनूतून रीतसर शटडाऊन करा.

राखीव प्रतीची चिंता रास्त आहे. उबुंटूवरील कोहाच्या नेहमीच्या बांधणीत ही प्रत दिवसातून एकदा, सामान्यतः पहाटे, आपोआप निघते, आणि त्या वेळी संगणक बंद असेल तर ती चुकू शकते. ‘अ‍ॅनाक्रॉन’ बसवलेले असेल तर चुकलेले काम संगणक सुरू झाल्यावर थोड्या वेळाने पार पडते. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत ते सहसा असते, सर्व्हर आवृत्तीत वेगळे बसवावे लागते. प्रत खरोखर निघते की नाही हे तारखा पाहून तपासा. शिवाय ती त्याच डिस्कवर साठते, म्हणजे डिस्क गेली तर प्रतही जाते. आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर उतरवून ती वाचनालयाबाहेर, कार्यकारिणीतील कोणाच्या तरी घरी, ठेवणे अगत्याचे आहे.

सेवकासाठी बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, एक सोय आहे. वीज परत आल्यावर संगणकाने काय करावे, हे तिथे ठरवता येते. ते ‘पॉवर ऑन’वर ठेवा. रात्री शटडाऊन झाल्यावर यूपीएसचे बटण बंद करून प्लग काढायचा. सकाळी सेवकाने प्लग लावून यूपीएसचे बटण दाबले की संगणक आपोआप सुरू होईल आणि काही मिनिटांत सूची दिसू लागेल. बायोसमध्ये ठरावीक वेळी संगणक उठवणारा गजरही असतो, पण त्यासाठी प्लग रात्रभर लावलेला असावा लागतो, त्यामुळे मे आणि ऑक्टोबरमध्ये तो उपयोगाचा नाही. आणि प्लग रोज काढला जाणार असल्यामुळे मदरबोर्डवरची छोटी गोल बॅटरी थोडी लवकर उतरेल. एखाद्या सकाळी संगणकाची तारीख चुकीची दिसली, तर सर्वप्रथम ती बॅटरी बदला, कारण तारीख चुकली की कोहात पुस्तकांच्या देवघेवीच्या नोंदीही चुकीच्या दिवशी पडतात.