क्लाउड सर्व्हर बदलला, तरी खासगी आयपी पत्ता तोच कसा ठेवावा?

सातपूरकर (प्रश्न):
नमस्कार. नाशिक परिसरातील द्राक्ष पॅकहाउसमधील वजननोंद आणि बिलिंगची प्रणाली मी सांभाळतो. वजनकाट्यांजवळचे संगणक व्हीपीएनवरून (इंटरनेटमधून जाणाऱ्या सुरक्षित खासगी जोडणीवरून) ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई रीजनमधील आमच्या सर्व्हरशी जोडलेले असून, प्रत्येकात सर्व्हरचा खासगी पत्ता १०.२०.१.५० असा थेट लिहिलेला आहे. गेल्या आठवड्यात मी जुना सर्व्हर टर्मिनेट (कायमचा बंद) करून त्याच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या त्याच गटात) नवा उभा केला, तेव्हा त्याला १०.२०.१.११७ हा पत्ता मिळाला. म्हणून उबुंटूच्या नेटप्लॅन फाइलमध्ये (नेटवर्क मांडणीच्या फाइलमध्ये) ५० चा पत्ता हाताने घातला. सर्व्हरवर तो दिसतो, पण बाहेरून कोणालाच सापडत नाही. ऐन हंगामात चौदा ठिकाणी जाऊन पत्ता बदलणे शक्य नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

गोदाकाठ:
आपण शेवटची पायरी आधी केली आहे. कार्यालयातील स्विचवर एखाद्या संगणकाने एआरपीला (‘हा पत्ता कोणाचा?’ या नेटवर्कवरील विचारणेला) उत्तर दिले की तो पत्ता त्याचा ठरतो. व्हीपीसीमध्ये, म्हणजे क्लाउडमधील आपल्या खासगी नेटवर्कमध्ये, मात्र कोणता पत्ता कोणत्या नेटवर्क इंटरफेसचा (सर्व्हरच्या आभासी नेटवर्क कार्डाचा) आहे याची नोंद क्लाउडकडे असते, आणि नोंद नसलेल्या पत्त्यासाठी आलेले पॅकेट सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. इंटरफेसचा प्राथमिक पत्ता नंतर बदलता येत नाही, म्हणून ११७ तसाच राहू द्यावा. ॲमेझॉनच्या कन्सोलमध्ये (व्यवस्थापनाच्या वेबपानावर) त्या इंटरफेसवर १०.२०.१.५० हा दुय्यम खासगी पत्ता म्हणून नोंदवावा. तो दुसऱ्या इंटरफेसकडे अडकलेला असेल, तर पुनर्नियुक्तीची परवानगी देणारा पर्याय निवडावा लागेल. नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी (पत्ता आपोआप मिळवण्याची सोय) चालू ठेवून ५० चा पत्ता /२४ सह जोडलेला असावा. डीएचसीपी काढले असेल तर ते आधी परत घालावे.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्यावी. काट्यांकडून ५० वर आलेल्या जोडणीला उत्तर ५० वरूनच जाईल, पण सर्व्हरने स्वतः सुरू केलेली जोडणी ११७ वरून निघेल. पॅकहाउसच्या फायरवॉलमध्ये फक्त ५० ला परवानगी असेल, तर तिथे अडथळा येईल.

सिन्नर_नेटवर्क:
वरील उपाय आजच्यापुरता योग्य आहे, पण पुढच्या वेळी क्रमच उलटा ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन. आधी स्वतंत्र नेटवर्क इंटरफेस तयार करून ५० हा त्याचा प्राथमिक पत्ता ठरवावा आणि सर्व्हर सुरू करताना तोच इंटरफेस पहिला म्हणून द्यावा. सर्व्हरबरोबर आपोआप तयार झालेला प्राथमिक इंटरफेस सहसा सर्व्हरबरोबरच नष्ट होतो. आधी तयार केलेला मागे उरतो आणि नव्या सर्व्हरला देता येतो. तो एकाच अव्हेलेबिलिटी झोनला (रीजनमधील डेटा सेंटरच्या एका स्वतंत्र गटाला) बांधलेला असतो, त्यामुळे नवा सर्व्हरही त्याच झोनमध्ये हवा. त्याच सबनेटमधला दुसरा इंटरफेस चालू सर्व्हरला जोडण्याचा मोह टाळावा, कारण पॅकेट एका वाटेने येऊन दुसऱ्या वाटेने परतू लागतात आणि दोष शोधण्यात दिवस जातो.

मधल्या काळात ५० हा पत्ता भलत्याच सर्व्हरला आपोआप दिला जाऊ नये, यासाठी सबनेटमध्ये १०.२०.१.४८/२८ हा (४८ ते ६३ अशा १६ पत्त्यांचा) तुकडा ‘एक्स्प्लिसिट’ प्रकारात राखून ठेवता येतो. प्रत्येक सबनेटमधले पहिले चार आणि शेवटचा असे पाच पत्ते ॲमेझॉन स्वतःकडे ठेवते, म्हणजे /२८ च्या सबनेटमध्ये १६ पैकी ११ च आपल्या हाती येतात. लहान सबनेट आखणाऱ्यांनी हा हिशेब आधीच करावा.

सातपूरकर:
दोघांचेही मनापासून आभार. कन्सोलमध्ये दुय्यम पत्ता नोंदवताच सर्व काटे जोडले गेले. लेबल प्रिंटर मात्र बंदच होते, कारण त्यांना जोडणी सर्व्हरकडून जाते. फायरवॉलमध्ये ११७ ला परवानगी दिल्यावर तेही सुरू झाले. आजच तुकडा राखून ठेवत आहे आणि हंगाम संपल्यावर स्वतंत्र इंटरफेसवर सर्व्हर नव्याने उभा करणार आहे.