मदत हवी आहे : मुलगी घडाघडा वाचते, पण वाचलेले तिला समजत नाही

नमस्कार. माझी मुलगी साडेआठ वर्षांची असून मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकते. तिच्या वाचनाविषयी अनुभवी पालकांचा आणि शिक्षकांचा सल्ला हवा आहे.

ती जोडाक्षरांसकट न अडखळता वाचते आणि पाहुण्यांकडून शाबासकीही मिळवते. मात्र पान संपल्यावर ‘काय वाचलेस?’ असे विचारले, की ती पुन्हा पानाकडेच पाहू लागते. उताऱ्याखालच्या प्रश्नांसाठी तिची युक्ती ठरलेली आहे : प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तो ज्या वाक्यात सापडेल, ते वाक्य जसेच्या तसे उतरवायचे. ‘कोणी’, ‘कोठे’, ‘केव्हा’ या प्रश्नांना एवढे पुरते, त्यामुळे वहीत बरोबरच्या खुणा दिसत राहिल्या आणि आम्ही निर्धास्त राहिलो. ‘का’ आणि ‘कशावरून’ हे प्रश्न आले, की तिची पेन्सिल थांबते.

यात माझीही चूक आहे. तिसरीच्या अखेरीस मुलांनी मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे ‘निपुण भारत’ कार्यक्रमाचे उद्दिष्ट आहे. त्यातले ६० तेवढे मी लक्षात ठेवले आणि मोबाइलवर वेळ लावून तिच्याकडून वाचून घेत राहिलो. ‘अर्थासह’ या शब्दाकडे माझे लक्षच गेले नाही.

गेल्या आठवड्यात मी तिला एक वाक्य लिहून दिले : ‘पावसाची पहिली सर येताच आजीने अंगणातले वाळवण ओढून पडवीत घेतले.’ आजीने असे का केले, यावर उत्तर आले, ‘आजी भिजू नये म्हणून.’ आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि आमच्याकडे पापड-कुरडया पाकिटातून येतात. ‘वाळवण’ आणि ‘पडवी’ हे शब्द वजा केले, तर उरलेल्या वाक्यावरून तिने काढलेला अर्थ चुकीचा म्हणता येत नाही. उलट माझी आई रात्री गोष्ट वाचून दाखवते, तेव्हा हीच मुलगी तिला मध्येच थांबवून शंका विचारते आणि सकाळी ती गोष्ट मला रंगवून सांगते.

मग उणीव शब्दसंग्रहात आहे, की वाचण्याच्या सवयीत? उताऱ्यांचे सराव-संच सोडवून घ्यावेत का? घरच्यांचा आग्रह शिकवणी लावण्याचा आहे. मला तो पटत नाही.

प्रतिसाद :
मी प्राथमिक शाळेत शिकवते. गोष्ट ऐकून समजते, ही तुम्ही दिलेली सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचन-आकलनाची मांडणी गुणाकार म्हणून केली : लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. तुमच्या मुलीकडे दोन्ही आहेत, पण मोबाइलवरच्या घड्याळामुळे तिचे सारे लक्ष पहिलीकडेच लागलेले दिसते. तेव्हा घड्याळ आधी बंद करा आणि तिला मनातल्या मनात, सावकाश वाचू द्या.

मराठीत आणखी एक खाचखळगा आहे. ‘पाऊस’ ओळखणारे मूल ‘पावसाने’पाशी आणि ‘मासा’ ओळखणारे ‘माशांना’पाशी उच्चार बरोबर करते, पण मूळ शब्दाशी त्याची गाठ घालतेच असे नाही. ‘त्याने’, ‘तिला’ या शब्दांचेही तसेच आहे. दर दोन-तीन वाक्यांनंतर ‘तिला म्हणजे कोणाला?’ एवढेच विचारा आणि त्या नावावर बोट ठेवायला सांगा. मूल नेमके कोठे निसटते, हे मला वर्गात यातूनच सर्वाधिक कळले आहे.

सराव-संच सध्या नकोत. त्यांतून तिची वाक्य शोधण्याची युक्तीच पक्की होईल. त्याऐवजी पालिन्क्सार आणि ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत घरी करून पाहा. पुढे काय होईल याचा अंदाज करणे, प्रश्न काढणे, अडलेला शब्द सोडवणे आणि थोडक्यात सांगणे, ही चार कामे मोठ्यांनी आणि मुलांनी आळीपाळीने करायची असतात. तिला बाई होऊ द्या. तुम्ही विद्यार्थी व्हा आणि अधूनमधून मुद्दाम चुकीचे उत्तर द्या. साहित्य म्हणून बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे अंक चांगले आहेत, पण निवड तिलाच करू द्या. आजींचे वाचून दाखवणे मात्र थांबवू नका, कारण अनोळखी शब्द तिच्या कानावर तेथेच पडतात. शिकवणीची घाई नको. उन्हाळ्यात गच्चीवर थोडे पापड वाळत घाला आणि ते उचलायला तिला पाठवा.

मूळ प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. आज ती बाई झाली होती आणि ‘त्याने म्हणजे कोणी?’ या तिच्या प्रश्नावर मी खरोखरच चुकलो, कारण परिच्छेदात दोन मुलगे होते. एक शंका उरते : मनात वाचताना तिचे ओठ हलतात, ते थांबवावे का?

प्रतिसाद :
नको. या वयात ते स्वाभाविक आहे, आणि ओठ मिटण्याकडे लक्ष गेले, की गोष्टीकडचे सुटेल.